कांदिवलीचा ट्रॅक्टर आणि साष्टीचे भात

कांदिवली पूर्वेला आकुर्ली रस्त्यावर ट्रॅक्टरचा कारखाना आहे. महिंद्र अँड महिंद्र, अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास या तिघांनी मिळून १९६३ साली 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' स्थापन केली, तिचे हे ठिकाण. बी-२७५ हा इंग्लंडमध्ये घडलेल्या आराखड्याचा ट्रॅक्टर येथे तयार होऊ लागला. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्र अँड महिंद्रमध्ये विलीन झाली आणि पुढे संख्येच्या हिशेबाने जगातील सर्वांत मोठ्या ट्रॅक्टर उत्पादकांत तिची गणना होऊ लागली. पंजाब, हरयाणा, उत्तर प्रदेशच्या शेतीत जे स्थित्यंतर झाले, त्यातला एक मोठा वाटा या उपनगरातून मालगाडीत चढून गेला.

कारखाना उभा राहिला तेव्हा बोरिवली, कांदिवली, मालाड या पट्ट्यात भाताची खाचरे अजून होती. पावसाळ्यात लावणी होत होती, लाकडी नांगराला बैल जुंपले जात होते. त्या खाचरांत ट्रॅक्टर कधी रुळला नाही. पंचवीस-तीस वर्षांत खाचरेही गेली आणि बैलही गेले. पारंपरिक शेतीला यंत्राने हरवले, असा इतिहास आपण सर्रास सांगतो. ज्या गावात यंत्र घडले, त्याच गावात हा इतिहास लागू पडत नाही. मग तिथे नेमके काय घडले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

साष्टीची जमीन

आजचे मुंबई उपनगर म्हणजे मुख्यतः जुने साष्टी बेट. सहासष्ट गावांवरून 'षट्षष्टी' आणि त्यावरून साष्टी, अशी या नावाची उपपत्ती सांगितली जाते. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून हे बेट घेतले, १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. राज्ये बदलली, तरी कसणारे हात बहुतांशी तेच राहिले: आगरी, कुणबी, भंडारी, ख्रिस्ती झालेले ईस्ट इंडियन शेतकरी, डोंगराकडच्या बाजूला वारली.

जमीन दोन प्रकारची, गोडी आणि खारी. गोड्या जमिनीत बांध घालून खाचरे केलेली असत. रोप वेगळे तयार करायचे, चिखळणी करायची आणि मग लावणी. भाताच्या जातीही पाण्याच्या हिशेबाने वाटलेल्या. उताराच्या, लवकर सुकणाऱ्या शेतात हळवे भात आणि खोलगट, पाणी धरणाऱ्या शेतात गरवे. एकाच कुटुंबाकडे दोन्ही असले, तर पाऊस लवकर उघडला तरी काही ना काही पदरात पडे.

खारी जमीन म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली. भरतीचे पाणी अडवायचे, ओहोटीला उघाडीतून पावसाचे पाणी सोडायचे आणि पावसानेच मीठ धुऊन काढायचे. अशा खारांत पुष्कळ ठिकाणी नांगर लागतच नसे. बी भिजवून, मोड आणून चिखलात फेकत. हेच बी रहू. नांगराविना भात पिकवण्याची ही जुनी रीत होती आणि लेखाच्या शेवटी तिची आठवण पुन्हा काढावी लागणार आहे. खार आणि खारदांडा ही स्थानके व वस्त्यांची नावे त्या खाऱ्या जमिनीची साक्ष अजून देतात.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. या शेतीला 'पारंपरिक' म्हटले तरी ती एका जागी गोठलेली नव्हती. खारांचे बांध म्हणजे मोठ्या भांडवलाचे आणि सामूहिक श्रमाचे काम. एका वर्षी बांध फुटला तर पुढची काही वर्षे जमीन वाया जाई. परंपरा या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे साधेपणा येतो, पण खार राखणे साधे नव्हते.

पवईची पहिली 'सुधारलेली शेती'

आधुनिक शेती साष्टीत ट्रॅक्टरबरोबर आली नाही. ती त्याआधी शंभरहून अधिक वर्षे आली होती. कंपनी सरकारने साष्टीतली अनेक गावे मुंबईच्या पारशी घराण्यांना दिली. जंगल साफ करावे, जमीन लागवडीखाली आणावी, महसूल वाढावा, हा हेतू. त्यांपैकी फ्रामजी कावसजी बनाजी यांना १८२९ च्या सुमारास पवईची जहागीर मिळाली. त्यांनी तेथे ऊस लावला, नीळ करून पाहिली, रेशमासाठी तुतीची झाडे लावली, आंब्याच्या बागा केल्या आणि मोठ्या विहिरी खोदल्या. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी या उद्योगाची वाखाणणी केली. १८३८ साली फ्रामजींनी व्हिक्टोरिया राणीला आंबे पाठवल्याची हकीगत प्रसिद्ध आहे.

पवईचा प्रयोग भांडवलाचा आणि बाजाराच्या पिकांचा होता. भात पिकवणाऱ्या कुळाच्या खाचरापर्यंत तो पोचला नाही. पुढे १८९१ मध्ये त्या खोऱ्यात शहरासाठी तलाव झाला आणि १९५८ मध्ये त्याच्या काठी आयआयटी उभी राहिली. शेती सुधारण्याचा प्रयोग, मग शहराचे पाणी, मग शहराची विद्या, असा त्या खोऱ्याचा प्रवास झाला. हा क्रम ध्यानात ठेवावा. उपनगरातल्या बहुतेक जमिनीच्या वाट्याला थोड्याफार फरकाने हेच आले.

राब: आग, राख आणि सरकार

जुन्या आणि नव्या शेतीचा खरा वाद साष्टीत आणि एकूण ठाणे जिल्ह्यात पेटला तो राबावरून. राब म्हणजे रोपाची जागा भाजणे. उन्हाळ्यात रोपाच्या वाफ्यावर शेणाचा थर, त्यावर झाडांचे टहाळ, त्यावर पातेरा व गवत, आणि वरून बारीक मातीचा पातळ थर. मातीमुळे आग भडकत नाही, धुमसत राहते. वाऱ्याच्या उलट अंगाने ती लावायची. पहिल्या पावसानंतर त्या भाजलेल्या जमिनीत बी पेरायचे. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या पद्धतीचे वर्णन आहे.

१८७८ च्या वन कायद्यानंतर रान राखीव होऊ लागले आणि टहाळ तोडणे गुन्हा ठरू लागले. वनखात्याचे म्हणणे होते की शेतकरी राबापायी रान उजाड करतात. शेतकऱ्यांचे म्हणणे होते की राबाविना रोप होत नाही, आणि रोपाविना सारा कशातून भरायचा? ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्याच दशकात, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला आणि गायराने व रान सरकारने गिळल्याने शेतकऱ्याची जनावरे आणि खत दोन्ही कशी आटली, हे मांडले. त्याच पुस्तकात त्यांनी बांधबंदिस्ती, पाणी अडवणे, चांगल्या जातीची जनावरे, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण या नव्या गोष्टींचा आग्रहही धरला. जुने हिरावू नका आणि नवे द्या, या दोन्ही मागण्या ते एकाच दमात करत होते, आणि त्यांना त्यात विरोध दिसत नव्हता.

इंग्लंडहून आलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होलकर यांनी १८८९ ते १८९१ या काळात हिंदुस्थानची शेती पाहिली. १८९३ च्या त्यांच्या अहवालात हिंदी रयत सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीची आणि काही बाबतींत सरस असल्याचा निर्वाळा आहे. राबाची दखलही त्यांनी घेतली. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबावर प्रयोग केले आणि १९१२ मध्ये ते प्रसिद्ध केले. जमीन तापल्याने तिच्यात होणारे बदल आणि राखेतून मिळणारे पोषण, असा दोन्ही अंगांनी हा प्रश्न तपासला गेला. ज्याला अडाणी जाळपोळ म्हटले जात होते, त्यामागे तपासण्याजोगे कारण होते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

राबाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. दरवर्षी टहाळ तोडायचे तर रानावर भार पडतोच, आणि शेण जाळले की ते शेताला मिळत नाही. साष्टीची लोकवस्ती वाढत गेली तसे हे गणित अवघड होत गेले. राब चुकीचा ठरला म्हणून बंद पडला नाही. त्याला लागणारे रान आणि जनावरे उरली नाहीत, म्हणून तो गेला.

लोखंड आणि लाकूड

लोखंडी नांगराची मराठी कहाणी आपल्याला ठाऊक आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावला गेले, तेथे त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनवला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी सुरुवातीला नांगर घेईनात, हेही सांगितले जाते. काळ्या रानात हरळी आणि कुंदा खोल मुळांनी बसलेले, तेथे या जड नांगराने मोठे काम केले, यात शंका नाही.

पण हीच कहाणी कोकणपट्टीला लावली की घोटाळा होतो. भाताच्या खाचरात वरचा चिखल मऊ हवा आणि खालचा थर घट्ट. त्या घट्ट थरामुळेच पाणी टिकते. खोल नांगरट केली तर तो फुटतो आणि पाणी जिरून जाते. हलका लाकडी नांगर चार-पाच बोटे माती उलथतो, यात मागासलेपण नव्हते, गरज होती. खाचरे लहान, बांध उंच, एका खाचरातून दुसऱ्यात जायचे तर नांगर खांद्यावर घ्यायचा. हत्याराचा हलकेपणा तेथे गुण ठरत होता. साष्टीच्या शेतकऱ्याने लोखंडी नांगर मोठ्या प्रमाणावर घेतला नसेल, तर त्याचे कारण अंधश्रद्धेत शोधण्याआधी मातीत शोधावे.

बैलाचा हिशेबही याच जातीचा. बैल पेंढा खातो, शेण देतो, शेण राबाला जाते, राबातून रोप आणि रोपातून पुन्हा पेंढा. ट्रॅक्टर वेळ वाचवतो, पण शेण देत नाही. ती उणीव भरायला खताचे पोते विकत आणावे लागते. एक यंत्र आले की त्याच्यामागून दुसरी खरेदी येते, ही यांत्रिक शेतीची रीत आहे.

कोरा केंद्रातले जपानी भात

स्वातंत्र्यानंतर अन्नधान्याची टंचाई होती, शिधावाटप चालू होते. अशा वेळी बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात एक प्रयोग झाला. आज कोरा केंद्राचे मैदान म्हटले की नवरात्रातला गरबा आठवतो. १९५० च्या दशकाच्या आरंभी तेथे जपानी पद्धतीने भात लावून दाखवले जात होते. देशभर गाजलेल्या 'जपानी भातशेती'च्या मोहिमेचे एक उगमस्थान हे होते. केंद्रीय कृषिमंत्री पंजाबराव देशमुख यांनी १९५३ मध्ये ती देशव्यापी मोहीम केली.

पद्धत अशी: रोपासाठी उंच गादीवाफे, त्यांना भरपूर खत, बियाणे नेहमीपेक्षा बरेच कमी, दोरी धरून ओळीत ठरावीक अंतरावर लावणी, एका ठिकाणी थोडीच रोपे, ओळींमधून हाताने ढकलायच्या कोळप्याने निंदणी, आणि शेणखताबरोबर अमोनियम सल्फेट. यात मोठे यंत्र एकही नाही. ग्रामोद्योगाच्या, म्हणजे गांधी विचाराच्या संस्थेने ही पद्धत उचलून धरली याचे नवल वाटायला नको. कमी जमिनीत अधिक श्रम, अधिक काळजी आणि अधिक पीक, असे ते सूत्र होते. पारंपरिक आणि यांत्रिक अशा दोनच वाटा आहेत, असे मानणाऱ्यांनी बोरिवलीतल्या या तिसऱ्या वाटेकडे पाहावे.

या वाटेलाही अडचण होती. ओळीत लावणीला अधिक हात लागत आणि ते हात बहुतेक बायकांचे. डोक्यावर इरले, पाय चिखलात, कंबर दिवसभर वाकलेली. पीक वाढले की बाईचे वाकणेही वाढले. जुन्या शेतीचे गोडवे गाताना ही कंबर आपण विसरतो आणि नव्या पद्धतीच्या अहवालांतही तिचा हिशेब सहसा नसतो. दुसरे म्हणजे वाढलेल्या पिकाचा वाटा कोणाला? जमीन खोताची आणि कसणारा कूळ, तर कुळाने जादा कष्ट कोणत्या आशेवर घ्यायचे? प्रश्न पद्धतीचा राहत नाही, मालकीचा होतो.

दोन महिन्यांचे अंतर

मालकीच्या या प्रश्नाला उत्तर देणारा कायदा होता. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यात १९५५-५६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत लाखो कुटुंबांच्या आयुष्याला या तारखेने वळण दिले. साष्टीतील जुन्या इनामी इस्टेटींची महसूल माफी १९५१ च्या साष्टी इस्टेट कायद्याने आधीच संपवली होती.

पण कूळ कायद्यात ४३-क हे कलम आहे. महापालिका आणि इतर शहरी हद्दींतल्या जमिनींना सक्तीच्या खरेदीच्या तरतुदी लागू होणार नाहीत, असे ते सांगते. कुळाचे आधी मिळालेले संरक्षण राहिले, पण आपोआप मालक होण्याचा हक्क त्याला मिळाला नाही. आता दुसऱ्या तारखा पाहाव्यात. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेस भांडुपपर्यंत वाढली. अंधेरी, घाटकोपर त्यात आले. दुसरी वाढ १ फेब्रुवारी १९५७ ला झाली आणि पश्चिमेस दहिसर, पूर्वेस मुलुंडपर्यंतची गावे मुंबईत आली. कृषक दिन दोन महिन्यांवर होता.

बोरिवली आणि मुलुंडच्या परिसरातली कुळे अशा रीतीने शेतकरी राहूनही कायद्याच्या दृष्टीने शहरी झाली. यामागे कोणाचा डाव होता असे मला म्हणायचे नाही. शहराची हद्दवाढ आणि कूळ कायदा यांची सरकारी कागदपत्रे वेगवेगळ्या वाटांनी चालली होती. परिणाम मात्र एकत्र झाला. ज्या जमिनीचा मालक कसणारा झाला नाही, ती जमीन विकायची की नाही, हे ठरवणेही त्याच्या हाती राहिले नाही. घाटकोपर, मुलुंड, कांदिवली येथे पुढच्या दोन-तीन दशकांत गृहनिर्माण संस्था आणि औद्योगिक वसाहती ज्या वेगाने वाढल्या, त्याच्या मुळाशी लोकल गाडी आहे, गिरण्या आहेत, स्थलांतर आहे, तसे हे कलमही आहे.

येथवर आल्यावर सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. उपनगरात बैल आणि ट्रॅक्टर यांची लढत झालीच नाही. एक खाचर नांगरायला किती वेळ लागतो, हा हिशेब करण्याआधीच त्या खाचराची किंमत चौरस फुटात मोजली जाऊ लागली होती. त्या किमतीपुढे राबाचे भात टिकणार नव्हते, जपानी भात टिकणार नव्हते आणि ट्रॅक्टरने पिकवलेलेही टिकले नसते.

शेती करवणारे, शेती न करणारे शहर

तरीही शेतीशी उपनगराचे नाते तुटले नाही, उलटे झाले. कांदिवलीत ट्रॅक्टर तयार होऊ लागले. १९६५ मध्ये तुर्भे येथे, म्हणजे चेंबूरच्या बाजूला, खताचा कारखाना सुरू झाला. आजचा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स तो हाच, आणि त्याचे 'सुफला' हे नाव महाराष्ट्रातल्या बांधाबांधावर पोचले. देशात १९५१ मध्ये ट्रॅक्टर होते सुमारे साडेआठ हजार आणि १९६१ मध्ये सुमारे एकतीस हजार. त्यानंतरची वाढ लाखांत गेली. नांगरणारे यंत्र आणि पिकाला लागणारे खत, दोन्ही या बेटावर घडत होते आणि दोन्ही बेटाबाहेर जात होते.

या कारखान्यांत कामाला लागलेल्यांत कोकणातून, घाटावरून आलेल्या शेतकरी कुटुंबांतली मुले पुष्कळ होती. गावाकडे खाचर दुसऱ्याच्या भरवशावर सोडून ती इथे आली आणि त्यांच्या पगारातून गावाकडची शेती चालली. मनीऑर्डर हेही त्या काळच्या कोकणी शेतीचे एक साधन होते, नांगर-बैलांइतकेच खरे. यांत्रिक शेती म्हणजे फक्त शेतात आलेले यंत्र, असे समजणे म्हणून अपुरे आहे. शेतातून यंत्राकडे गेलेला माणूसही तिच्यात धरला पाहिजे.

नांगराविना भात, पुन्हा एकदा

साष्टीबाहेर, लोकलच्या शेवटच्या स्थानकांच्या पलीकडे, भाताचा शोध चालू राहिला. कर्जतच्या संशोधन केंद्राने नव्या जाती दिल्या. डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेती मांडली. तिच्यात पिकाच्या अवशेषांचा फेरवापर आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला आहे, तशाच नियंत्रित अंतरावरची लावणी आणि युरियाच्या गोळ्याही आहेत. पाला जुना, गोळी नवी. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस तंत्र विकसित केले. त्यात कायमचे गादीवाफे, टोकणणी, आणि चिखळणी नाही, लावणी नाही, नांगरणी नाही. बाईची कंबर त्यात वाचते, जमिनीतला गांडूळ वाचतो. तणनाशकावर मात्र हे तंत्र बरेच अवलंबून असते, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागेल का, हा प्रश्न विचारायला हवा.

साष्टीच्या खारांतला मोड आलेले बी फेकणारा शेतकरी आणि आजचा टोकणणी करणारा शेतकरी यांत थेट वारसा आहे, असा दावा मी करणार नाही. पण नांगर म्हणजे जुने आणि ट्रॅक्टर म्हणजे नवे, अशी रेघ ओढून बसलेल्यांना दोघेही एकच गोष्ट सांगतात. भाताला काय लागते, हे माती आणि पाणी ठरवते. अवजाराचे वय ठरवत नाही.

उपनगरातही सगळे संपलेले नाही. आरे वसाहत १९४९ मध्ये शहरातल्या म्हशींसाठी वसवली गेली. तिच्यातल्या आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या आदिवासी पाड्यांवर पावसाळ्यात अजून भात आणि भाजीपाला होतो. गोराई, मनोरीच्या बाजूला काही खाचरे तग धरून आहेत. अनेक पाड्यांवर जमिनीवरचा हक्क हा आजही भांडणाचा विषय आहे. १९५७ चा प्रश्न त्यांच्यापुढे वेगळ्या रूपात उभाच आहे.

जमिनीचा सातबारा ज्यांनी वाचला आहे, त्यांना त्याचे दोन भाग माहीत असतात. सात म्हणजे जमीन कोणाची, आणि बारा म्हणजे तिच्यात काय पिकले. जमीन शहरी मोजणीत गेली की सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका येते. तिच्यात धारकाचे नाव असते, क्षेत्रफळ असते, बोजा असतो. पिकाचा रकाना नसतो. हळवे होते की गरवे, गोडी जमीन होती की खारी, कोण कसत होते, हे सारे त्या एका रकान्याबरोबर कागदावरून गेले. उपनगरातल्या गावठाणांत अजून काही घरांत जुने सातबारे, पावत्या, खंडाच्या नोंदी पेट्यांतून पडून असतील. इमारत पुनर्विकासाला जाण्याआधी ते कागद कोणीतरी उलगडून वाचावेत. साष्टीच्या शेतीचा पुढचा इतिहास तेथूनच लिहावा लागेल.